देवरुखजवळची ४ एकर झाडी तोडून काजू लावायचा म्हणतायत, माती कशी निघेल?

मालवा_इंदूर:
नमस्कार मंडळी. आम्ही चार पिढ्या इंदूरचे पण मूळ गाव कोकणात देवरुखजवळ, तिथे अजून ४ एकर उताराची जमीन नावावर आहे, सगळी झाडीच झाडी. दिवाळीनंतर गेलो होतो तेव्हा आत शिरलो तर भरदुपारी अंधार, जाड जाड वेली आणि खाली पाचोळा इतका की पाय रुततो. गावातले काका म्हणतायत लाकूडवाला मागे लागलाय, सगळं तोडून नेईल, रोख पैसे देईल, मग जेसीबी फिरवून काजू लावू. मला वाटलं एवढं जंगल उगवतंय म्हणजे खाली माती आमच्या सांवेरच्या शेतासारखी दमदार असणार (तिथे सोयाबीन-गहू घेतो). पण काकांनी कुदळ मारून दाखवली तर वीतभर तांबडी माती आणि खाली जांभा! मग एवढाली झाडं खातात काय? आणि तोडल्यावर तिथे काय टिकेल? काकांना शिमग्याच्या आत कळवायचंय.

काळीमाती:
मी पण इंदूरचाच, रामबागेत राहतो, आयुष्य माती तपासण्यात गेलं म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या सांवेरच्या शेताखाली जो दगड आहे तोच देवरुखच्या डोंगराखाली आहे, काळा पाषाण, बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला जो लाव्हा पसरला तो कोकणापासून माळव्यापर्यंत एकच. फरक केला पावसाने. इंदूरला वर्षाला १००० मिमीच्या आतबाहेर पडतो, देवरुखकडे ३००० च्या वर आणि तोही चार महिन्यांत. एवढं पाणी लाखो वर्षं झिरपत राहिलं की दगडातला चुना, पोटॅश, मॅग्नेशियम, सिलिकासुद्धा धुऊन समुद्रात जातं, मागे राहतं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. तोच तुमचा जांभा. त्याला लॅटराइट हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकाननने दिलं, केरळात लोक हा दगड चिऱ्यासारखा कापून घरं बांधतात ते बघून, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. आपल्याकडे पाऊस बेताचा म्हणून चुना जागेवर राहिला, चिकण माती तयार झाली जी उन्हाळ्यात भेगाळते पण खत धरून ठेवते. तांबडी माती आम्लधर्मी, ती धरत नाही, आणि वरून स्फुरद (फॉस्फरस) घातलंत तर त्यातलं बरंचसं लोखंडच अडकवून ठेवतं.

आता झाडं काय खातात. स्वतःचाच पाचोळा! तिथलं खत मातीत कमी आणि झाडांच्या अंगात जास्त असतं. पान पडलं की उबेत आणि ओलीत भराभर कुजतं, आणि त्यातलं जे सुटतं ते खाली झिरपायच्या आत वरच्या वीतभर थरातली मुळं आणि मुळांना चिकटलेली बुरशी उचलून घेतात, परत पान, परत पाचोळा. लाकूडवाला ट्रक भरून नेतो तेव्हा तुमचा खताचा साठाच नेतो हो. उरतं ते उतारावर उघडं पडतं आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत बरंचसं खाली जातं.

देवरुखकर_बडोदे:
काळीमाती बोलले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारची टेकडी मी शाळेत असताना सपाट केली, त्या जूनमध्ये खालचा पऱ्या (ओढा) विटकरी रंगाचा वाहत होता, आई भांडी घासायला जाईना. आधी मार्च-एप्रिलपर्यंत पाणी असायचं ते पुढे जानेवारीतच आटायला लागलं. काजू लागला, नाही असं नाही, काजू कातळावरही तग धरतो, मुळात ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं झाड, १६व्या शतकात पोर्तुगीजांनी आणलं. पण सगळीकडे एकच झाड, खालचं रान बेणून साफ, मग पाऊस थेट मातीवर.
आणि तोडल्यावर किंजळ, ऐन यांच्या खोडाला फुटवे येतात, पाच-सात वर्षांत हिरवं दिसतं, लोकांना वाटतं आलं की जंगल परत. सावलीतली सदाहरित झाडं अशी परत येत नाहीत. त्यांना बी आणून टाकणारा पाहिजे, म्हणजे धनेश, आणि धनेशाला घरट्यासाठी जुन्या मोठ्या झाडाची ढोली लागते, मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर महिनोन्महिने उंबर, वडाची फळं नेऊन भरवतो. ते झाड आमच्याकडे आता फक्त देवराईत उरलंय. तुमच्याकडे असेल तर एकदा वर मान करून बघा प्लीज.

भाऊ_ग्वाल्हेर:
हे सगळं खरं पण काका तिथे राहतात, घर चालवायचंय, दुरून आपण जंगल राखा म्हणणं सोपं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं, बहुतेक झाडी अशी खासगीच, म्हणजे भार सगळा अशाच घरांवर. आधी सातबारा बघा, इतर हक्कात खासगी वन असा शेरा आहे का. आणि आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, लाकूडवाला काहीही सांगो. माझं मत, वरचा उतार आणि पऱ्याकाठ अजिबात हात लावू नका, खाली सपाटीला एखाद एकर काजू करा, आणि आत रातांबे (कोकमाची झाडं) असतील तर आमसुलं करून विका, त्याला झाड तोडावं लागत नाही.

मालवा_इंदूर:
खूप आभार सगळ्यांचे, दगड एकच आहे हे वाचून मी काल सांवेरला शेतात जाऊन ढेकूळ हातात घेऊन बघत बसलो होतो. काकांना फोन केला. आधी तुटक बोलले, मग पऱ्याचं काढलं तर म्हणाले आपल्या विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं ते वरच्या झाडीमुळेच, आजोबाही हेच म्हणायचे. लाकूडवाल्याला थांबवलंय सध्या. सातबारा मागवलाय. रातांबे आहेत म्हणे आत, किती ते त्यांनाही नक्की माहीत नाही, शिमग्याला मुलांना घेऊन जातोय तेव्हा मोजतो आणि ढोली दिसली तर तीही कळवतो.