२६ जुलै : तुम्ही कुठे होतात?

निर्झरा
परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला आणि टीममधल्या एका मुलीने विचारलं, "२६ जुलैला नक्की झालं काय होतं? मी तेव्हा दोन वर्षांची होते." आमच्या पिढीला २६ जुलैपुढे साल लावावं लागत नाही (२००५, त्या महाभयंकर पावसाचा दिवस), त्यामुळे क्षणभर काय उत्तर द्यावं ते सुचेना. म्हणून हा धागा. कुठे होतात, कधी कळलं, घरी कसे पोचलात, जे आठवेल ते लिहा. 'मुंबई स्पिरिट' हा शब्द तेवढा टाळा, त्याचं अजीर्ण झालंय.

सुरुवात मी करते, पण माझाच अनुभव सगळ्यात फुसका. मंगळवार होता. मी फोर्टात. बाहेर रोजचा पाऊस, छत्री उघडावी की नको असा. तीनच्या सुमारास अंधेरीच्या शाखेतून एका सहकाऱ्याचा फोन आला, "कमरेएवढं पाणी शिरलंय, फायली वरच्या मजल्यावर नेतोय." आम्ही चक्क हसलो. हा लवकर पळायचे बहाणे शोधतोय असं वाटलं. नंतर आकडे आले. चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात! संध्याकाळी सीएसटीला गेले तर लोकल बंद. परत ऑफिसात येऊन टेबलावर झोपले. त्या सहकाऱ्याला सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

कुर्लेकर
मी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) कामाला होतो. मिठी ही नदी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तोवर आम्ही सगळे तिला नालाच म्हणायचो. विहार आणि पवईचं जादा पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते, हे पाचवीच्या भूगोलात कुणी शिकवलं नव्हतं.

चारला निघालो. बाइक ऑफिसच्या आवारातच सोडली (दोन दिवसांनी मिळाली, सायलेन्सरमध्ये गाळ). पाणी आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, रंग चहासारखा. वस्तीतल्या पोरांनी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोर बांधला होता. उघड्या मॅनहोलपाशी एक पोरगा बांबू घेऊन उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "काका, डावीकडून. डावीकडून." तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो, काका म्हटल्याचा राग आला होता. आज वाटतं, तो तिथे किती तास उभा असेल? त्याच्या घरात पाणी नसेल का शिरलं?

घर चार किलोमीटरवर. पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. आई माळ्यावर बसली होती, मांडीवर देवघरातला बाळकृष्ण आणि रेशनकार्ड.

तिसरी_ब
मी तेव्हा आठ वर्षांची. शाळेने आम्हाला सोडलंच नाही. बाकं जोडून झोपवलं, शिपाईमावशींनी मोठ्या पातेल्यात खिचडी केली. खरं सांगू? मला तो दिवस सहलीसारखा आठवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले तेव्हा त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी त्यावरून खूप हसले आणि बाबा रडले. मोठ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पाऊसवेडा
हवामान हा माझा छंद आहे, म्हणून थोडं 'का' विषयी. पाऊस दिवसभर सारखा पडला नाही. दुपारी दोन-अडीच ते रात्री आठ-साडेआठ या वेळात बहुतेक सगळा कोसळला. एका तासात तर १९० मिलिमीटर. आपली पावसाळी गटारं ब्रिटिशकालीन, तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. आणि त्या दिवशी चारच्या आधी जवळपास साडेचार मीटरची भरती. गटारांची तोंडं भरतीच्या पातळीखाली, म्हणजे पाणी बाहेर जाण्याऐवजी अडूनच राहणार. पाऊस आणि भरती एकाच वेळी गाठ घालून आले, हे खरं दुखणं.

कुलाबा कोरडं का राहिलं? कारण ते मोठं वादळ नव्हतंच. मान्सून जोरात होता, किनाऱ्यालगत हवेच्या कमी दाबाची द्रोणीरेषा होती, आणि त्यातच उपनगरांच्या डोक्यावर गडगडाटी ढगांचे उंच मनोरे एकामागून एक उभे राहिले. असे ढग काही किलोमीटरच्या टापूत रिते होतात. अशा ढगांचा वेध घेणारं डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा नव्हतं. पुढे सरकारने नेमलेल्या चितळे समितीने हे सगळं तपासलं, मग जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक आले, समुद्राकाठी पंपिंग स्टेशनं आली.

हातोडीवाली
सांताक्रूझच्या मिलन सबवेच्या (रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याच्या) तोंडाशी आमची गाडी होती. नवरा म्हणाला, निघू पटकन. मी म्हटलं, पुढची बस थांबलीय, आपणही थांबू. आयुष्यात एवढं एकच भांडण मी जिंकल्याचं मला समाधान आहे. त्या दिवशी शहरात काही माणसं बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेली. काचा विजेवर चालणाऱ्या, पाण्याने सगळं बंद पडलं, दारं उघडेनात. तेव्हापासून माझ्या सीटखाली हातोडी असते. पाहुणे हसतात. हसू देत.

सावित्रीकाठ
एवढे अनुभव वाचले. महाड कुठे आहे?

निर्झरा
@सावित्रीकाठ, बरोबर आहे. शीर्षकात मुंबई लिहिलं नव्हतं, पण डोक्यात तीच होती. तुम्ही लिहा ना.

मी_बदलापूरकर
मुंबईबाहेरचा अजून एक. आमच्याकडे गटाराचा प्रश्नच नव्हता, उल्हास नदीच घरात आली. तळमजला छतापर्यंत. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी आमचं पार्किंगवरून वर्षभर बोलणं नव्हतं. त्यांनीच दार उघडलं. दोन खोल्यांत एकवीस माणसं, एक पोपट. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येऊन आडवा झाला होता. फोटोंचे अल्बम सगळे गेले. माझ्या मुंजीचा आता एकही फोटो नाही, फक्त आत्याकडच्या एका फोटोत माझा कान दिसतो.

जोगेश्वरी_पूर्व
तबेल्यातल्या म्हशी. दावणीला बांधलेल्या. एवढंच लिहिते. त्यानंतर कितीतरी दिवस खिडकी उघडली नाही.

रातपाळी
मी तेव्हा सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर. आमचा २६ जुलै ऑगस्टमध्ये सुरू झाला. तापाचे पेशंट, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नसत. मग कावीळ, लघवी बंद. लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या, गुरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले जंतू पायाच्या साध्या चिरेतून आत गेलेले. विचारलं की एकच उत्तर, "त्या दिवशी चालत आलो होतो." सगळे चालत आलेलेच! एका तरुण पेशंटने मला ती जखम दाखवली, टाचेवरची जेमतेम नखाएवढी चीर. तो वाचला नाही. आजही पाण्यातून चालून आलेल्या माणसाला मी आधी पाय दाखवायला सांगते, आणि चोवीस ते बहात्तर तासांत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या म्हणते. मनाने नाही. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी तर विचारूनच.

कुर्लेकर
@रातपाळी, आम्हाला कुणी हे सांगितलंच नव्हतं. आम्ही डेटॉलने पाय धुतले आणि झोपलो.

नेहमीची_वाचक
दोन दिवसांनी रात्री उठलेली अफवा कुणाला आठवते का? कुणी म्हणे धरण फुटलं, कुणी म्हणे त्सुनामी आली. आदल्या डिसेंबरातली त्सुनामी ताजी होती, त्यामुळे लोकांना लगेच पटलं. आमची अख्खी चाळ जिन्यावरून खाली. सासूबाई तेवढ्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्सुनामी आली तर खाली कशाला पळताय, वर जा." जुहूच्या बाजूला मात्र चेंगराचेंगरी झाली आणि त्यात माणसं गेली, लहान मुलंही.

सावित्रीकाठ
लिहितो. सवय नाही, सांभाळून घ्या.

महाडला पूर नवा नाही. सावित्री आणि गांधारी दोघींचं पाणी, त्यात भरती असली की खाडीकडून तुंबारा. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला कुठल्या पायरीला पाणी लागलं की माल किती वर चढवायचा हे पाठ असतं. त्या वेळी पायऱ्यांचा हिशेब चुकला. आमची पोह्यांची गिरणी. पोती फळीवर रचली, पाणी फळीवर आलं. पाणी उतरल्यावर बघतो तर पोहे फुगून फुगून शटर बाहेरच्या बाजूला वाकलेलं. ते उघडेना, शेवटी कापावं लागलं. आंबलेल्या पोह्यांचा वास नाकातून जायला गणपती उजाडले.

पण आमचं गेलं ते पोहेच. तालुक्यात २५-२६ ला दरडी कोसळल्या. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. जवळपास दोनशे माणसं डोंगराखाली गेली. गिरणीत कामाला असलेला एक जण जुईचा. तो पुरामुळे महाडात अडकला म्हणून वाचला, आणि गावाकडचा रस्ता बंद म्हणून त्याला कळायलाच दीड दिवस लागला. त्याला सांगायचं कुणी, यावर आमच्या घरात ओटीवर बराच वेळ नुसती शांतता होती. शेवटी वडील उठले.

फोन चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू झाला. पहिला फोन विलेपार्ल्याच्या चुलतभावाचा. दहा मिनिटं त्याने त्यांच्या सोसायटीत पाणी कसं शिरलं, गाडी कशी गेली, ते सगळं सांगितलं. मी ऐकत होतो. ठेवताना म्हणाला, "बाकी तुमच्याकडे काय, पाऊसबिऊस झाला का?"