पद्मिनीला ८००चे स्ट्रट म्हणे!

गंजका_गोविंद:
काल इथे कुणीतरी ज्ञान पाजळलं, "जुन्या प्रीमियर पद्मिनीचे किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिना) भंगारात घाला, मारुती ८००चे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचे उभे खांब) बसवा, कटकट मिटली." अहो, पद्मिनीला विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आहेत, भार क्रॉसमेंबर (खालची आडवी तुळई) पेलतो. स्ट्रट वर पत्र्याला रेटतो. गंजक्या एप्रनवर (बॉनेटखालच्या, चाकालगतच्या पत्र्यावर) तो भार टाकणार? शिवाय ८००च्या पुढच्या हबची बेअरिंगं ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) नट आवळल्यावरच धरून राहतात. पद्मिनीची ताकद मागच्या चाकांना, पुढे शाफ्टच नाही. सुतळीने बांधणार का?

देशी_जुगाडू:
ते ज्ञान माझंच. शाफ्टच्या जागी लेथवर खोटा स्टब (आखूड दांडा) टर्न केला, एप्रनला आतून प्लेट मारली. दोन वर्षं कसारा घाट चढतोय. तुमचा तो 'ओरिजिनल' किंगपिन किट कुर्ल्याहून दोनदा आणला, तीन महिन्यांत चाकाला प्ले, म्हणजे ढिलाई. डबा नवा, माल कसला देव जाणे.

टॅक्सीवाल्याचा_पोर:
किट नाही, ग्रीस मारत नाही तुम्ही! वडिलांनी २२ वर्षं काळीपिवळी चालवली. दर रविवारी ग्रीसगन. तीही चाक जॅकवर उचलून, नाहीतर दाबाखालच्या बाजूला ग्रीस पोचत नाही.

नाना_पेठकर:
जॅकवर कशाला? मी पिटवरच मारतो, काही होत नाही.

टॅक्सीवाल्याचा_पोर:
म्हणूनच तुमच्या गाडीचं स्टिअरिंग जात्यासारखं जड फिरतं. मागच्या मेळाव्यात बघितलंय.

नाना_पेठकर:
मेळाव्यात गाडी माझी ढकलावी लागली नव्हती, तुमची लागली होती.

गंजका_गोविंद:
ग्रीस आवरा! जुगाडूभाऊ, २०२१च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात लागते. चासी-बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. ती प्लेट त्यातच धरली जाईल.

देशी_जुगाडू:
माझी ८६ची आहे. ५० व्हायला २०३६ उजाडेल. तोवर पार्किंगमध्ये हळदकुंकू वाहू?

टॅक्सीवाल्याचा_पोर:
आमची ऑक्टोबर २००३ची, शेवटच्या लॉटमधली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ला गेली. शेवटच्या दिवशीही किंगपिन घट्ट होते. वडील दोन दिवस जेवले नाहीत.

नाना_पेठकर:
...बरं. पुढच्या वेळी जॅक लावतो. तुमच्या वडिलांसाठी, तुमच्यासाठी नाही.

गंजका_गोविंद:
आणि कबूल करतो, मीही जुगाड केलाय. बुश (किंगपिन ज्यात फिरते ती नळी) बाजारचा नव्हता, गनमेटलचा (एक प्रकारच्या काशाचा) लेथवर करून घेतला आणि पिनच्या मापाने रीमर मारून भोक नेमकं केलं. पण पुढच्या चाकांची भूमिती तीच ठेवली. टायरॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला की प्रत्येक खड्ड्यात गाडी आपणहून वळते. तुमची वळते की नाही, खरं सांगा.

देशी_जुगाडू:
...थोडी. डावीकडे. ब्रेकरवर.
तो गनमेटलवाला कुठे बसतो?

गंजका_गोविंद:
आधी प्लेट काप. मग सांगतो.