पॉलीकार्बोनेट शीट आत्ता घेऊ की भाव उतरायची वाट पाहू? (नागपूर)

मानेवाडा_अंगण
मागच्या अंगणावर २०० चौरस फुटांचं छत टाकायचं आहे. जुन्या फायबर शीटची गारपिटीत चाळणी झाली. खाली धुणं, कोपऱ्यात कूलर, उन्हाळ्यात आईचं वाळवण. २ मिमीची सॉलिड पॉलीकार्बोनेट पाहून राहिलो. एक दुकानदार म्हणे दाणा (ज्यापासून शीट बनते तो प्लास्टिकचा कच्चा माल) महाग होऊन राहिला, याच आठवड्यात घेऊन टाका. दुसरा म्हणे क्रूड (कच्चं तेल) पडलं, महिनाभर थांबा. ऐकू कोणाचं? अ‍ॅक्रिलिक चालेल का?

दाणा_ते_शीट
कोणाचंच नका ऐकू. हिंगणा एमआयडीसीत शीटच्या लाइनवर आठ वर्षं काढली, हिशेबच सांगतो. या मालाची घनता १.२. म्हणजे २ मिमी शीट चौरस मीटरला २.४ किलो, तुमच्या २०० फुटांत साधारण ४५ किलो. दाणा किलोमागे १० रुपये उतरला आणि दुकानदारानं देवमाणूस होऊन सगळा फायदा तुम्हाला दिला, तरी वाचले ४५० रुपये. तेवढ्यासाठी पावसाळा अंगावर घेता का राजेहो?

क्रूड या दाण्याचं लांबचं नातेवाईक आहे. मधे बेंझिन, फिनॉल, बिस्फेनॉल-ए अशा पायऱ्या. त्यात माल बहुतेक आयातीचा, म्हणजे डॉलरही आला. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा वायदा शून्याखाली गेला होता, तेव्हा कोणी शीट फुकट वाटल्याचं ऐकलं? (दुकानंच बंद होती म्हणा.)

खरी मार जाडीत बसते. २ मिमी सांगून १.६ दिली की पाचवा हिस्सा माल गायब, अन् बिल पूर्ण. ४ बाय ८ फुटांची शीट सात किलोच्या थोडी वरच भरली पाहिजे. काटा मागा.

फॅब्रिकेशन_भाऊ
वरचं बरोबर. अ‍ॅक्रिलिक नको, गार पडली की तडकते. दुकानाच्या पाटीला ठीक.

शीट चांगली असून फिटिंगनं वाया गेलेली लई पाहिली. जानेवारीची सकाळ आणि मे महिन्याची दुपार यांत ८ फुटांची शीट सात-आठ मिमी लांब होते. स्क्रूच्या मापाचंच छिद्र पाडलं की तिथूनच चीर जाते. छिद्र मोठं, वर रबरी वॉशर, आणि स्क्रू आवळून मारू नका. यूव्ही कोटिंगची (उन्हापासून शीट वाचवणाऱ्या थराची) बाजू आकाशाकडे. फिल्मवर छापलेलं असते, फिल्म काढायच्या आधी पेनानं खूण करा. फटी बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रलच घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा वास येते ते या शीटला खाते.

मानेवाडा_अंगण
आणि मल्टिवॉल (आतून पोकळ नळ्यांची शीट)? हलकी आहे, स्वस्त पडून राहिली.

फॅब्रिकेशन_भाऊ
मधल्या हवेमुळे ऊन थोडं कमी लागते. पण नळ्या उताराच्या दिशेनं ठेवा अन् टोकं टेपनं बंद करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत आत शेवाळ. कोणतीही घ्या, पण पारदर्शक नको. आपल्या ४५ अंशांत खाली भट्टी होईल. दुधी रंग घ्या.

मानेवाडा_अंगण
आज काटा घेऊन गेलो. 'दोन मिमी' शीट भरली ५ किलो ८००. दुकानदार म्हणे, "कंपनीकडूनच असं येते." उद्या दुसरीकडे जातो. दुधी रंग पक्का, पण आई म्हणते कुरड्यांचं काय? तिचं वाळवण गच्चीवर जाईल.