मोत्यांचा सर घेताना प्रत कशी ओळखावी?

मुक्ता: हैदराबादला ६-७ मिमी मोत्यांचा सर घ्यायचा आहे. गोड्या पाण्यातले आणि जपानी अकोया (खाऱ्या पाण्यातले), दोन्ही दाखवतात. दुकानात काय तपासावं?

पारखी: आधी पाणी, म्हणजे मोत्याची चमक बघा, आकार नंतर. शोकेसच्या दिव्यांखाली नको. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर. मोत्यात खिडकीची चौकट रेखीव दिसली तर पाणी उत्तम. खडूसारखा पांढरा दिसला तर सोडून द्या, कितीही गोल असो.
मग सर सावकाश फिरवा. अकोयाच्या पोटात शिंपल्याचा मणी असतो. वरचा थर पातळ असेल तर मोती फिरताना उजळ-मंद होतो. असा थर घामाने, अत्तराने झिजतो आणि मणी उघडा पडतो. गोड्या पाण्यातल्या मोत्यात सहसा मणी नसतो, म्हणून तो जास्त टिकतो. मात्र अगदी गोल कमी मिळतो.

सराफकट्टा: १० पटीच्या भिंगाने भोक बघाच. कडेला रंगाचे पापुद्रे निघाले असतील तर मोती नकली. भोकात रंग गडद साचला असेल तर रंगवलेला. दोन मोती हलके घासले की खरा खरखरीत लागतो, नकली बहुधा गुळगुळीत. पण यावरून फक्त खरा-खोटा कळतो, प्रत नाही.

मुक्ता: जाळून दाखवतात, ते?

सराफकट्टा: त्यावर विसंबू नका. महाग सर असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. एक्स-रेमध्ये आतला मणी दिसतो. आणि प्रत्येक मोत्यामागे गाठ हवी, नाहीतर मोती एकमेकांवर घासतात.