व्हॅक्यूम पॅक बीफचा वास नॉर्मल की खराब? मदत हवी आहे

तीन किलोचा बीफचा अख्खा तुकडा व्हॅक्यूम पॅकमध्ये फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला होता, आज १२ वा दिवस. टेम्परेचर वेगळा थर्मामीटर ठेवून बघितलंय, २ ते ३ डिग्री, फ्रीजवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. पॅक फुगलेलं नव्हतं, कुठे लीकही नाही, तळाशी थोडं लाल पाणी होतं.

फोडलं तेव्हा मांस जांभळट आणि वास जरा आंबूस. रंगाचं टेन्शन नाही, हवा न लागल्यामुळे तसा असतो हे माहितीये, अर्ध्या तासात वरून छान लाल झालंही, फक्त एक कोपरा जिथे घडी पडली होती तो तपकिरीच राहिला. वास मात्र कमी झाला पण पूर्ण गेला नाही, पेपर टॉवेलने टिपून परत हुंगलं तर त्या कोपऱ्याजवळच येतोय. बोटाला चिकट बिकट काही लागत नाही. पीएच पट्टी होती म्हणून लावली, ५.६ च्या आसपास दिसतेय, पण त्यावरून कितपत कळतं कोण जाणे.

शिजवून चाखून बघ असं कृपया सांगू नका, घरात लहान मूल आहे आणि खराब असेल तर शिजवूनही भरवसा नाही. खिमाही करायचा नाहीये, मोठे तुकडेच हवेत.

तर बंद पॅकमधला कोंडलेला वास आणि खरंच खराब व्हायला लागल्याचा वास यातला फरक तुम्ही नेमका कसा ओळखता, आणि तो कोपरा कापून बाकीचं वापरावं की सगळंच टाकावं?