परसातले भेंडे बुरशीला गेले. गोव्यात भाजी साठवायची तरी कशी?

कवळ्याची_सून
नमस्कार मंडळी. माहेर सातारचं, सासर कवळ्याला. घरामागे २० बाय १५ फुटांचा तुकडा आहे, तिथे गेल्या वर्षी पहिल्यांदाच भाजी केली. सुरुवातीलाच फजिती. सासूबाई म्हणाल्या, "झाडांक गोबर घाल." मी शेजारच्या गोठ्यातून दोन पाट्या ताजं शेण आणून रोपांच्या बुडाशी थापलं. आठ दिवसांत निम्मी रोपं करपली. मग कळलं, कोंकणीत गोबर म्हणजे राख! सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगतात.

जी जगली ती मात्र अशी आली की बास. ऑगस्टमध्ये एका दिवसाआड दोन-दोन किलो भेंडे, वर चिटकी (आमच्याकडे गवार), तवशी (मोठ्या काकड्या), मिरच्या. आई सातारला भेंडी-गवार चिरून वाळवते तसं मी व्हरांड्यात चटईवर पंख्याखाली पसरलं. चौथ्या दिवशी सगळ्यावर पांढरी लव. मिरच्यांचे देठ काळे पडले. सगळं माडाच्या आळ्यात गेलं.

आता एप्रिल संपत आलाय, पुन्हा वाफे करायचेत. काय लावू म्हणजे टिकवता येईल? पावसात जास्तीच्या भाजीचं काय करता? आणि गोगलगायींचं काय करायचं तेही सांगा, रात्रीत रोपं फस्त करतात.

भाटातला_माड
सुनबाई, चूक तुमच्या हाताची नाही, महिन्याची आहे. सातारचं ऊन इकडे आणता येत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जुलै-ऑगस्टच्या हवेत तर वाळलेला पापडसुद्धा मऊ पडतो. पंख्याने भेंड्यातलं पाणी जाईपर्यंत बुरशी चार पिढ्या वाढवते.

आमच्याकडे डिचोलीला शेताचे दोन हंगाम, पावसाळी सरद आणि पावसाळ्यानंतरचं वायंगण. परसाचंही तसंच धरायचं. पावसाळी भाजी ताजी खायची, चवथीला गणपतीवरच्या माटोळीला बांधायची, खतखत्यात (मिश्र भाजीत) घालायची, उरली की शेजारी द्यायची. साठवणीचं जे काही आहे ते दिवाळीनंतर लावायचं, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी येतं आणि पुढे वाळवायला कडक ऊन मिळतं. यात सगळ्यात सोपे अळसांदे (चवळीचाच प्रकार) आणि वाल. शेंगा वेलावरच वाळू द्या, सोला, दोन उन्हं दाखवा, झालं. त्याखालोखाल मिरची, कांदे आणि रताळी.

पावसाळी पिकातही टिकणाऱ्या दोन गोष्टी आहेत, त्या लोक विसरतात. एक म्हणजे भोपळा आणि कोहळा. पूर्ण जून होऊ द्यायचा, देठ चार बोटं ठेवून कापायचा, कुठे खरचटू द्यायचा नाही. हवेशीर जागी काही महिने आरामात राहतो. दुसरं तवसं. कोवळी सगळी तोडू नका, वेलाला चार-पाच जून, पिवळी होऊ द्या. आमची आई ती सुंभाने बांधून वाशाला टांगायची, एकमेकांना लागू द्यायची नाही. पावसाळा सरल्यावर त्याचीच तवसळी व्हायची, गूळ आणि जाड रवा घालून. फ्रिज कुठे होता तेव्हा?

आणि पुरुमेंत हा शब्द सासूबाईंना विचारा. पावसाआधी घरात भरून ठेवायची बेगमी. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला जाऊन बघा काय काय विकायला असतं, सुक्या मिरच्या, सोलं (आमसुलं), सुकी मासळी. त्यात भेंडा दिसला तर मला सांगा.

वास्को_तिसरा_मजला
काका, तवसं ठीक आहे, पण फ्लॅटवाल्यांनी वासा कुठून आणायचा? मी बाल्कनीतल्या कुंड्यांवर आणि बहिणीच्या परसातून येणाऱ्या पिशव्यांवर जगते. फ्रीजर वापरते आणि लाज वाटत नाही.

भेंडे कोवळेच घ्यायचे, देठ काढताना बियांचा कप्पा उघडू द्यायचा नाही. उकळत्या पाण्यात अख्खे ३ मिनिटं, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, मग कपड्यावर अगदी कोरडे करून आधी ताटात सुटे गोठवायचे आणि नंतर पिशवीत. चिटकीलाही तीन मिनिटं. हे उकळणं टाळलं तर दोन महिन्यांत गवतासारखी चव येते, मी टाळून पाहिलंय. एकदा वितळले की भेंडे भाजीला चिकट होतात, पण सांबारात किंवा कढीत चालतात.

भाटातला_माड
आणि जुलैत वीज गेली की?

वास्को_तिसरा_मजला
दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. मी तर जागा उरली की पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते.

नुसता_वाचक
व्हिडिओत दाखवतात तसं काचेच्या बरणीत चिटकी आणि मिठाचं पाणी भरून मोठ्या टोपात तासभर उकळलं तर? झाकण हवाबंद बसतं, वर्षभर टिकतं म्हणतात.

काणकोणकरीण
नको, अजिबात नको. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आहे म्हणून ठामपणे सांगते. भेंडे, चिटकी, मका, वाल यांना आंबटपणा नाही. बोटुलिनम नावाच्या जीवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवाबंद बरणीत त्यांना हवी तशीच जागा मिळते. बरणी बाहेरून छान दिसते, वासही येईलच असं नाही, आणि आतलं विष जिवावर बेततं. नुसत्या उकळत्या पाण्यातली पद्धत पीएच ४.६ पेक्षा कमी असलेल्या आंबट पदार्थांपुरतीच. टोमॅटोसुद्धा काठावर असतो, म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालतात. बाकी भाज्यांना त्यासाठी बनवलेलं दाबयंत्र लागतं, घरातला कुकर नाही. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या कच्च्या लसणालाही हेच लागू.

आता मिरचीबद्दल, कारण तो आमचा प्रांत. आमच्या काणकोणातल्या खोला गावची मिरची पावसातच डोंगरउतारावर होते, पण पिकल्यावर ती वाळवतात पाऊस सरल्यानंतरच्या उन्हात. म्हणजे काकांचं म्हणणं बरोबरच, महिना बघायचा. तुमच्या पावसाळी हिरव्या मिरच्यांना वाळवणाच्या नादी न लागता खारात घाला. धुवा, पुसून पूर्ण कोरड्या करा, एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ घालून उकळून गार केलेलं पाणी वर ओता, मिरच्या बुडून राहतील असं बशीचं वजन ठेवा. बुरशी वर तरंगणाऱ्या मिरचीलाच धरते. पेजेबरोबर एक पुरते, खारट म्हणजे काय ते कळतं.

आणि आत्ता, या महिन्यात, मे संपेपर्यंत गच्चीवरचं ऊन फुकट घालवू नका. ताकातल्या मिरच्या करा: चीर देऊन मीठ घातलेल्या आंबट ताकात रात्रभर, दिवसा उन्हात, पुन्हा रात्री त्याच ताकात, ताक संपेपर्यंत. कोवळी तोरं (छोट्या कैऱ्या) मिळाली तर मिठात थर लावून वर दगड, ती चेपणीची तोरं. भिंडं (कोकमाची फळं) पिकली की सालं वेगळी करून रस आणि मीठ एकत्र ठेवा, सालं त्या रसात बुडवून वाळवा, असं पाच-सहा वेळा. एकदाच वाळवलेली सोलं फिकी पडतात आणि आमटीला रंग देत नाहीत. आदल्या संध्याकाळी ढग दिसले तर सगळं आत, दुसऱ्या दिवशी आवरू म्हणायचं नाही.

वाळवलेलं काहीही असो, बरणी दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर अजून ऊन हवं.

सत्तरीतली_वाट
गोगलगायींसाठी: मीठ टाकू नका, गोगलगाय मरते पण वाफाही खारट होतो. रात्री टॉर्च आणि बालदी घेऊन वेचा, हातमोजे घालून. पपईची पानं किंवा ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून ठेवलं तर सकाळी त्याखाली जमा झालेल्या सापडतात. पहिले दहा-बारा दिवस रोज केलं तर पुढे निम्मा त्रास.

वाफे जमिनीपासून वीतभर तरी उंच करा, लाल मातीत पाणी साचलं की मिरची आधी माना टाकते. आपली माती आंबट, म्हणून सासूबाईंचा गोबर बरोबरच आहे, फक्त मूठभर, पाटीभर नाही. शेण वापरायचं तर सहा महिने कुजलेलं. तवसं-दोडक्यावर फळमाशी येते, कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधली की औषध लागत नाही. रोपं-बियांसाठी जुन्या गोव्यात एल्याला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि सात शिरांच्या भेंड्याचं बी कुठे मिळालं तर सोडू नका. मऊ असतो, आणि दोन शेंगा झाडावर वाळवून ठेवल्या की पुढच्या वर्षी विकत घ्यायला नको.

कवळ्याची_सून
किती लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं. तवशाच्या वाशाशी त्या थांबल्याच, मग उठून माळ्यावर गेल्या आणि चिनी मातीची मोठी बरणी खाली काढली. तीन वर्षं मी या घरात, मला पत्ताच नाही. तोरं उद्या येतायत. पण बरणीच्या आतल्या चकाकीला बारीक केसासारखे तडे गेलेत. चालेल का?

काणकोणकरीण
खारासाठी नाही चालणार. मिठाचं पाणी तड्यांत मुरतं, धुतलं तरी आत राहतं. काचेची बरणी घ्या.

भाटातला_माड
पण टाकू नका हो ती. अळसांद्याचं बी ठेवायला उत्तम. बी कडकडीत वाळवा, चाळलेली राख मिसळा, कीड लागत नाही. यावेळी राखच घाला म्हणजे झालं.