मदत हवी आहे: तबलावादकाच्या मनगटासाठी फिजिओथेरपिस्ट (पुणे)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ तबला विशारदची तयारी करतोय. डग्ग्यावर (डाव्या हाताने वाजवायच्या तबल्यावर) घिस्सा काढताना, म्हणजे मनगट दाबून पुडीवर सरकवताना, डाव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूने कळ येते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं तर सहनच होत नाही. डॉक्टरांनी 'डी क्वेरवेन' (अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाचा त्रास) सांगून पट्टा दिला आणि वाजवणं बंद. पुन्हा सुरू कसं करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. परीक्षा पुढे ढकलता येईल, हात महत्त्वाचा. त्याची बैठक, चुंबळीची उंची, डग्ग्यावरचा दाब प्रत्यक्ष वाजवताना बघून रियाज हळूहळू वाढवून देणारे फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? यातून बरे झालेल्या वादकांनी तर जरूर लिहा, तो फार खचलाय.